जोड्या शाबूत, वीज ठप्प

अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात हॅव्हिलँड, लिऊ आणि गोल्डमन या तिघांनी 1989 साली एक आलेख प्रसिद्ध केला. तो एकदा पाहिला की मनातून जात नाही.

प्रयोग ऐकायला सोपा आहे. अतिशय थंड ठेवलेल्या गुळगुळीत पृष्ठभागावर आधी जर्मेनियमचा पातळसा थर द्यायचा आणि मग त्यावर बिस्मथ या धातूची वाफ सोडायची. पृष्ठभाग इतका गार, की बिस्मथचे अणू टेकले तिथेच थिजतात. ओळीत लागून स्फटिक घडवायला त्यांना उसंतच मिळत नाही. तयार होतो तो एक अस्ताव्यस्त पापुद्रा. त्याला आणखी थंड करत न्यायचं आणि विद्युत रोध मोजायचा. मग त्याच पापुद्र्यावर किंचित बिस्मथ चढवायचं आणि पुन्हा मोजायचं. सुरुवात सुमारे 4 अँगस्ट्रॉम जाडीपासून, शेवट सुमारे 74 अँगस्ट्रॉमवर. एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग!

आता निकाल पाहा. सर्वांत पातळ पापुद्रे जसजसे गार होत गेले तसतसा त्यांचा रोध चढतच गेला. वीज वाहू देणं त्यांनी जवळजवळ सोडूनच दिलं. जाड पापुद्र्यांचा रोध मात्र एका ठरावीक तापमानाला कोसळला, तो थेट शून्यावर. आलेखातल्या रेषा मधोमध फाकतात, काही वर निघून जातात, काही खाली. या दोन कुळांमधली सीमा ओलांडायला अणूभर जाडीचा फरकसुद्धा लागत नाही. धातू तोच, उपकरणं तीच, थंडीही तीच. पण एका बाजूला वीज मुळीच न अडवणारा अतिसंवाहक, तर दुसऱ्या बाजूला वीज सोडायलाच तयार नसलेला निरोधक.

तांब्याच्या तारेत भेसळ केली तर ती जराशी कमी प्रतीची तार होते, आणखी भेसळ केली तर आणखी कमी प्रतीची. इथे तसं काहीच नाही. निसर्गातला सर्वांत उत्तम वाहक बिघडवत नेला तर तो बरा वाहक, बेताचा वाहक अशा पायऱ्या उतरत का नाही? एकदम दुसऱ्या टोकालाच कसा जाऊन बसतो?

आधी ‘शून्य रोध’ ही काय चीज आहे ते पाहू. नेदरलँड्समधल्या लायडन इथे हाइके कामरलिंग ओनेस यांनी 1908 साली हेलियमचा द्रव केला आणि 1911 साली त्या द्रवाच्या थंडीत पारा मोजला. निरपेक्ष शून्याच्या वर साधारण 4.2 अंशांवर पाऱ्याचा रोध नाहीसा झाला. कमी झाला असं नव्हे, नाहीसाच झाला. अतिसंवाहक तारेच्या वेटोळ्यात एकदा वीज सोडली आणि बॅटरी काढून घेतली, तरी वीज फिरतच राहते. 1963 साली दोन शास्त्रज्ञांनी असा प्रवाह किती वेगाने मंदावतो हे बारकाईने मोजलं. त्यांच्या हिशेबाने तो विरायला एक लाख वर्षांहून कमी काळ लागणार नाही. ढकलणारं कुणी नाही, तरी एक लाख वर्षं!

हे कसं घडतं, याचं उत्तर मिळायला 1957 साल उजाडावं लागलं. बार्डीन, कूपर आणि श्रीफर यांनी ते दिलं. इलेक्ट्रॉन एकमेकांना दूर लोटतात हे आपण शाळेत शिकलेलो असतो. पण धातूतून जाणारा इलेक्ट्रॉन आजूबाजूच्या धनभारित अणूंना किंचित आपल्याकडे ओढतो. तो पुढे निघून गेला तरी जड अणूंना जागेवर परतायला वेळ लागतो आणि तेवढा काळ तिथे धनभाराची हलकीशी दाटी उरते. या दाटीकडे दुसरा इलेक्ट्रॉन खेचला जातो. अशी दोघांची जोडी जमते. जोडी म्हणजे एकमेकांना चिकटलेले दोघे असं मात्र नाही. शुद्ध ॲल्युमिनियममध्ये एका जोडीचा पसारा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही मोठा असतो, आणि त्या पसाऱ्यात इतर लाखो जोड्या एकमेकींत गुंतून असतात.

पण नुसत्या जोड्या जमल्या म्हणून रोध शून्य होत नाही. प्रत्येक जोडी ही क्वांटम लाट आहे, आणि अतिसंवाहकात या सगळ्या लाटांची लय एक होते. चढ एकाच वेळी, उतार एकाच वेळी. मग वाटेतला एखादा अडथळा एकट्या जोडीला अडवू शकत नाही, कारण एकटी जोडी अशी तिथे उरलेलीच नसते. जोड्या जमणं आणि त्यांची लय जुळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शुद्ध धातूत त्या एकाच क्षणी घडतात, म्हणून आपल्याला त्या एकच वाटतात. पुढचं सगळं आश्चर्य या दोघींची ताटातूट होण्यात आहे.

आता अव्यवस्थेकडे वळू. इथे एकाच माणसाची दोन वर्षांतली दोन थोर कामं समोरासमोर उभी राहतात. बेल प्रयोगशाळेतले फिलिप अँडरसन यांनी 1958 साली दाखवलं, की अणूंची मांडणी पुरेशी अस्ताव्यस्त असेल तर इलेक्ट्रॉन जागीच अडकून पडतो. त्याला कोंडणारी भिंत नसते. ठिकठिकाणच्या अणूंवरून परतणाऱ्या त्याच्याच लाटा एकमेकींत अशा मिसळतात, की दूरवर त्या एकमेकींना पुसून टाकतात आणि इलेक्ट्रॉन एका कोपऱ्यापुरता उरतो. स्वतःच्याच लाटांनी कोंडलेला कण! 1979 साली अब्राहम्स, अँडरसन, लिच्चार्डेलो आणि आपले टी. व्ही. रामकृष्णन या चौघांनी त्याहून धक्कादायक निष्कर्ष काढला. इलेक्ट्रॉनांमधली ओढाताण बाजूला ठेवली, तर सपाट पापुद्र्यात अव्यवस्था कितीही थोडी असो, पुरेशा थंडीत आणि पुरेशा अंतरावर इलेक्ट्रॉन अडकणारच.

पण त्याच अँडरसन यांनी 1959 साली सांगितलं, की अतिसंवाहकाला अशा घाणीची फारशी पर्वा नसते. वाट वाकडीतिकडी असेना का! एक इलेक्ट्रॉन त्या वाटेने जात असेल, तर त्याचा जोडीदार नेमकी तीच वाट उलट दिशेने घेतो, आणि जोडी जमायला एवढं पुरतं. भेसळ लोखंडासारखी चुंबकी असेल तर गोष्ट वेगळी. ती जाणारी आणि येणारी वाट सारखी ठेवत नाही, म्हणून अगदी थोडीसुद्धा घातक ठरते.

बिस्मथच्या बाबतीत तर अव्यवस्था चक्क उपकारक ठरते. शुद्ध, नेटक्या बिस्मथ स्फटिकात अतिसंवाहकता आहे का, हे कोडं कितीतरी दशकं सुटत नव्हतं. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी ती अखेर पकडली. त्यांचं काम 2017 साली छापून आलं. त्यासाठी स्फटिक निरपेक्ष शून्याच्या वर अवघ्या 0.00053 केल्विनपर्यंत गार करावा लागला. तोच बिस्मथ अस्ताव्यस्त थिजवला तर सुमारे 6 केल्विनलाच अतिसंवाहक होतो. नुसती शिस्त मोडली आणि हे तापमान दहा हजार पटींहून वर गेलं.

एकीकडे अव्यवस्था इलेक्ट्रॉनांना कोंडते, दुसरीकडे जोड्यांना ती चालते. मग अव्यवस्था वाढवतच नेली तर जिंकतं कोण?

यावर दोन तट पडले. एक तट म्हणाला, अव्यवस्थेत अडकलेल्या मंद इलेक्ट्रॉनांचं एकमेकांना दूर लोटणं वाढतं, जोड्या मुळातच जमेनाशा होतात आणि जोड्या संपल्या की अतिसंवाहकता संपते. दुसरा तट म्हणाला, जोड्या तशाच राहतात, तुटते ती फक्त त्यांची लय. 1990 साली मॅथ्यू फिशर यांनी या दुसऱ्या चित्राचा सिद्धान्त मांडला. दोन्ही प्रकार निसर्गात आढळतात, हे आता सर्वमान्य आहे. पण मन थक्क होतं ते दुसऱ्या प्रकाराने. त्याचा अर्थ असा, की निरोधकाच्या पोटात अतिसंवाहकाच्याच जोड्या बसलेल्या आहेत!

या चित्राला खोली दिली ती पुन्हा कुलाब्यानेच. 1998 साली अमित घोषाल, मोहित रंडेरिया आणि नंदिनी त्रिवेदी हे टाटा संस्थेतले सिद्धान्तकार संगणकावर एक नमुना तपासत होते. त्यांनी त्यात अव्यवस्था सगळीकडे सारखी पसरली होती, इथे जास्त तिथे कमी असा भेद ठेवलाच नव्हता. तरी अतिसंवाहकता आपणहून बेटाबेटांत गोळा झाली. बेटांवर जोड्यांची दाटी, मधल्या पट्ट्यांत जवळपास काही नाही. आणि अव्यवस्था वाढवत निरोधक होईपर्यंत नेलं तरी जोडी तोडायला लागणारी ऊर्जा शून्य झाली नाही. जोड्या जागच्या जागी भक्कम होत्या.

पुण्यातल्या विसर्जन मिरवणुकीतली ढोल-ताशा पथकं आठवा. एका पथकातले सगळे ढोल एका ठेक्यात पडतात. पुढच्या चौकातल्या पथकाचाही ठेका पक्का, पण वेगळा. दोन पथकांमध्ये अंतर कमी असेल आणि आवाज पोहोचत असेल, तर ती हळूहळू एका ठेक्यावर येऊ शकतात. मधे लांब पट्टा रिकामा राहिला की प्रत्येक पथक आपापल्या ठेक्यात. एकही ढोल फुटलेला नाही, एकही वादक चुकलेला नाही, तरी अख्ख्या रस्त्याचा म्हणून एक ठेका उरलेला नाही. अव्यवस्था अतिसंवाहकाचं नेमकं हेच करते.

चौकस वाचक इथे थांबवून विचारेल, की लय बिघडली तर वीज अडखळत वाहील, पण ती साफ बंद का व्हावी? हा प्रश्न अगदी योग्य आहे, आणि त्याचं उत्तर या विषयातलं मला सर्वांत सुंदर वाटणारं आहे.

कणाची जागा आणि त्याचा संवेग दोन्ही एकाच वेळी अचूक ठरवता येत नाहीत, हे हायझेनबर्ग यांचं अनिश्चिततेचं तत्त्व पुष्कळांना ठाऊक असतं. तशीच बांधणी आणखी एका जोडगोळीत आहे. बेटावर किती जोड्या आहेत ही संख्या, आणि त्या बेटाची लय. लय पक्की हवी असेल तर संख्या सैल सोडावी लागते, जोड्यांना बेटाबेटांतून मोकळं ये-जा करू द्यावं लागतं. अतिसंवाहक हेच करतो. पण बेटं लहान आणि दूर दूर झाली की नवी जोडी बेटावर घ्यायला विजेच्या दृष्टीने महाग पडतं, कारण आधीचे ऋणभार तिला लोटतात. मग प्रत्येक बेट आपली संख्या पक्की धरून बसतं. संख्या पक्की झाली की लय पूर्ण अनिश्चित होते. आणि संख्या पक्की याचा अर्थच असा, की जोडी येत नाही, जोडी जात नाही. वीज बंद!

म्हणजे अतिसंवाहक आणि हा निरोधक ही एकाच तत्त्वाची दोन टोकं आहेत. एकात लय ठरलेली आणि संख्या मोकाट, दुसऱ्यात संख्या ठरलेली आणि लय मोकाट. आणि हा बदल घडवणारी उष्णता नव्हे. बर्फ वितळतो तो उष्णतेच्या खळबळीने. इथे निरपेक्ष शून्यालाही, जिथे उष्णतेची सगळी खळबळ थांबते, हा पालट घडू शकतो, कारण अनिश्चितता तिथेही थांबत नाही.

सिद्धान्त देखणा असला म्हणून तो खरा ठरत नाही. निरोधकाच्या आत जोड्या आहेत हे दाखवायचं तरी कसं? वीज वाहतच नाही, तर तिथे कोण बसलंय हे विचारायचं कुणाला?

2007 साली अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातल्या गटाने यासाठी विलक्षण युक्ती केली. त्यांनी अतिसूक्ष्म छिद्रांच्या जाळीवर बिस्मथचा पापुद्रा बसवला, इतका पातळ की तो निरोधकच राहावा. मग त्यावर चुंबकी क्षेत्र हळूहळू वाढवलं. क्वांटम लाट छिद्राभोवती फिरून येते, तेव्हा छिद्रातून जाणाऱ्या चुंबकी क्षेत्राची ती नोंद घेते. त्यामुळे क्षेत्र वाढवत नेलं की रोध ठरावीक अंतराने वरखाली होतो. हे अंतर किती, ते फिरणाऱ्या कणावरच्या विद्युतभारावर ठरतं. म्हणजे त्या हेलकाव्यांतून कणाचा भार थेट वाचता येतो. उत्तर आलं, इलेक्ट्रॉनच्या भाराच्या दुप्पट. निरोधकात रखडत, एकेक उडी मारत सरकणारे कण एकटे नव्हते. त्या जोड्या होत्या!

मग सूक्ष्मदर्शक कामाला लागले. बेंजामिन सासेपे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंडियम ऑक्साइडच्या पापुद्र्यावर स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोपची सुई फिरवून 2011 साली दाखवलं, की काही ठिकाणी जोड्या जमलेल्या आहेत पण त्यांच्यात सामाईक लय नाही. त्याच वर्षी टाटा संस्थेतल्या प्रताप रायचौधुरी यांच्या गटाने नायोबियम नायट्राइडमध्ये याचीच दुसरी खूण प्रसिद्ध केली. हा पदार्थ चांगला बनवला तर सुमारे 16 केल्विनला अतिसंवाहक होतो. त्याच्या स्फटिकात नायोबियमच्या जागा मुद्दाम रिकाम्या ठेवत गेलं की हे तापमान घसरत जातं. अशा बिघडवलेल्या पापुद्र्यात रोध अजून शून्य झालेला नसतानाच जोड्या जमल्याची खूण दिसते. मी वर म्हटलेली ताटातूट ती हीच. जोड्या आधी, लय नंतर, आणि दोन्हींच्या मधल्या तापमानात बिनलयीच्या जोड्या.

तरी माझ्या मते सर्वांत चकित करणारं मोजमाप 2004 सालचं, इस्राएलमधल्या वाइझमन संस्थेतलं. तिथे शहार यांच्या गटाने इंडियम ऑक्साइडचा अतिसंवाहक पापुद्रा घेतला आणि चुंबकी क्षेत्र वाढवलं. पापुद्रा निरोधक झाला, हे अपेक्षितच होतं. क्षेत्र आणखी वाढवलं तसा रोध अब्जावधी ओहमच्या घरात गेला. आणखी वाढवलं, तर तो पुन्हा कोसळायला लागला! तगडं चुंबकी क्षेत्र जोड्या फोडतं. जोड्या फुटल्या तेव्हा मोकळे झालेले एकटे इलेक्ट्रॉन वीज बरी वाहू लागले. वीज अडवत होत्या त्या जोड्याच. ज्यांच्या जमण्याने वीज विनारोध वाहते, त्यांच्याच जागा धरून बसण्याने ती कुठल्याही साध्या अव्यवस्थित धातूपेक्षा कितीतरी अधिक अडते.

चुंबकी क्षेत्राच्या प्रयोगांना आणखी एक पैलू आहे. पातळ अतिसंवाहकात क्षेत्र शिरतं ते भोवऱ्यांच्या रूपाने, आणि प्रत्येक भोवऱ्याभोवती जोड्या गोल फिरतात. भोवरे जागच्या जागी रुतून बसले तर रोध शून्यच राहतो, वाहू लागले तर रोध येतो. फिशर यांनी दाखवलं, की या दोघांचं नातं आरशातल्या प्रतिमेचं आहे. अतिसंवाहकात जोड्या एका लयीत वाहतात आणि भोवरे रुतलेले असतात. निरोधकात भोवरे एका लयीत वाहतात आणि जोड्या रुतलेल्या असतात. भूमिकांची अदलाबदल केली की एकाचं गणित दुसऱ्याचं होतं.

आणि दोघे अगदी तोलामोलाचे असतात त्या सीमेवर रोध किती असावा? पातळ पापुद्र्याचा चौरस घेतला तर तो बोटाएवढा असो की मैदानाएवढा, त्याचा रोध सारखाच भरतो. म्हणून ‘एका चौरसाचा रोध’ असं म्हणता येतं. सीमेवरच्या या रोधाचा अंदाज बांधायला प्लांकचा स्थिरांक घ्यायचा आणि जोडीच्या भाराच्या वर्गाने भागायचं. येतात सुमारे 6,450 ओहम. यात बिस्मथचा कुठे उल्लेख नाही, तापमानाचा नाही, जाडीचा नाही. मिनेसोटाच्या आलेखातली सीमा या आकड्याच्या आसपासच पडली होती! इतर पदार्थांत ती पुढेमागे सरकलेली दिसते, आणि का सरकते यावर अजून खल चालू आहे.

खल आणखीही आहेत. 2008 साली टायटॅनियम नायट्राइडच्या पापुद्र्यांवर काम करणाऱ्या बातुरिना, विनोकुर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दावा केला, की अतिसंवाहकात जसा रोध शून्य तशी ‘अतिनिरोधका’त वहनक्षमता शून्य, आणि तीही निरपेक्ष शून्याच्या वरच. सगळ्यांना हे अजून पटलेलं नाही. दुसरा वाद नेमका उलटा आहे. काही पापुद्र्यांत रोध गार होताना शून्याकडे घसरतो, पण मधेच थांबतो आणि सपाट होतो. सपाट पापुद्र्यात ज्याला जागाच नसावी असं 1979 च्या निष्कर्षावरून वाटतं, तो साधा धातू हाच की काय? 2019 साली शहार आणि इतरांनी अशा पापुद्र्यांकडे जाणाऱ्या तारांवर उत्तम गाळण्या बसवल्या, म्हणजे बाहेरच्या रेडिओलहरींची कुजबुज आत पोहोचू नये. इंडियम ऑक्साइडमधला तो सपाट भाग नाहीसा झाला आणि रोध पुन्हा शून्याकडे निघाला. बाहेरून येणारी ती क्षीण ऊर्जासुद्धा पापुद्र्याची लय मोडायला पुरत होती. मात्र इतर पदार्थांतले आणि इतर प्रयोगशाळांतले सपाट भाग केवळ या एका कारणाने समजावता येत नाहीत, असं म्हणणारे जाणकारही तितकेच ठाम आहेत, आणि दोन्ही बाजू आपापल्या शीतपेट्यांत आणखी गार, आणखी निवांत पापुद्रे मोजत आहेत.